नवी खोली, जुनी जमीन

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वाढतं घर’ हा विषय सुचवला, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीलाच जायचं हे लगेच ठरलं. इकडे घर एकदा बांधून संपत नाही. मुलाचं लग्न ठरलं की मागच्या सांदवाडीत एक खोली निघते. वेकोलि या कोळसा कंपनीतून किंवा वीज केंद्रातून निवृत्त झालेल्याच्या हाती चार पैसे आले की कवेलूची सपरी उतरते आणि तिथे स्लॅब पडतो. भाडेकरू ठेवायचा म्हणून वर मजला चढतो. काम लहान असतं, म्हणून नकाशा नसतो आणि इंजिनिअरही नसतो. मिस्त्री येतो, दोरी लावतो, फक्कीने खुणा आखतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायव्याचं खोदकाम सुरू होतं.

मला पाहायचं होतं ते या खोदकामाच्या दिवशी काय घडतं ते. पायवा किती खोल न्यायचा हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि खाली काय आहे हे त्याला कुठून कळतं? ज्येष्ठात, पावसाच्या आधी, बांधकामं जोरात असताना मी तिकडे गेलो आणि भाद्रपदात, जमीन पुरती भिजल्यावर, पुन्हा गेलो. या दोन ऋतूंत एकाच भिंतीची दोन रूपं दिसली. नव्या घरापेक्षा जुन्या घराला दिलेली जोड जास्त नाजूक असते. तरीही तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

आमराई वॉर्ड, घुग्घुस

चंद्रपूर जिल्ह्यात पायव्याबद्दल बोलायला बसलं की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी घुग्घुसचं नाव काढतंच. २६ ऑगस्ट २०२२, शुक्रवारची गोष्ट. आमराई वॉर्डात दिवस कलत असताना एका घराखालची जमीन हलू लागली. घरातली माणसं हादरा जाणवताच बाहेर पळाली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सबंध घर जमिनीत गेलं. खड्डा सत्तर फुटांच्या आसपास खोल असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. कुणाचा जीव गेला नाही. आसपासची शंभराहून अधिक कुटुंबं प्रशासनाने तातडीने हलवली. वस्तीखाली ब्रिटिश काळापासूनच्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती.

त्या घराचा पायवा कच्चा होता असं कुणी म्हणत नाही. तो पक्का असता तरी काही फरक पडला नसता. इथला प्रश्न पायव्याच्या खाली सुरू होतो.

वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसापट्टा दीडशे वर्षांपासून खणला जातो आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६मध्ये बंदही झाली होती. पुढे घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूरचं लालपेठ, महाकाली, दुर्गापूर अशा ठिकाणी खासगी कंपन्यांनी जमिनीखाली कामं केली. १९७३मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि स्थापन झाली. म्हणजे आज ज्या पोकळ्यांवर माणसं राहतात, त्यांतल्या कितीतरी वेकोलिच्या जन्माआधीच्या आहेत.

खाली काय उरतं

भूमिगत खाणीतून सगळा कोळसा एकदम काढत नाहीत. आधी समांतर बोगदे काढतात, त्यांना खाणकामगार गॅलरी म्हणतात. मग आडव्या गॅलऱ्या त्यांना छेदतात आणि मधे कोळशाचे चौकोनी खांब उरतात. वरचं छत या खांबांवर तोललेलं असतं. १९५७च्या कोळसा खाण विनियमांनी गॅलरीची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटर इतकी मर्यादा घातली. त्याआधी झालेल्या कामांना ते विनियम अर्थातच लागू नव्हते. शेवटी खांबही काढायचे असतील तर छत ठरवून पाडतात किंवा रिकाम्या जागेत नदीची रेती पाण्याच्या जोराने भरतात. जिथे रेती नीट भरली गेली, तिथे वरची जमीन थोडी बसून थांबते. जिथे नुसते खांब सोडून काम बंद झालं, तिथे ते खांब वर्षानुवर्षं झिजत राहतात. जुन्या खाणीत पाणी भरतं, पाण्याने कोळशाच्या कडा सुटतात, खांब बारीक होतो.

मग छताचा एखादा तुकडा गॅलरीत पडतो. त्याच्या वरचा तुकडा पडतो. पोकळी अशी पायरी-पायरीने वर सरकत येते. तुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून खाण खोल असेल तर पडलेल्या मलब्यानेच पोकळी वाटेत बुजते आणि वर काहीच कळत नाही. थर जाड असेल आणि खाण उथळ, तर मात्र पोकळी बुजण्याआधी पृष्ठभागापर्यंत पोहोचते. दोन गॅलऱ्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या चौकात छताला आधार सगळ्यात कमी असतो, त्यामुळे खड्डे पडण्याचा धोका तिथे जास्त. त्यात पावसाळ्यात वरून झिरपणारं पाणी मलबा वाहून नेतं आणि वरच्या मातीचं वजनही वाढवतं. घुग्घुसची घटना ऑगस्टची आहे, हे या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इमारत, रस्ता किंवा रेल्वेच्या ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय कोळसा काढता येत नाही, असा विनियम आहे. चांगला आहे. पण तो खणण्याच्या वेळी उभ्या असलेल्या इमारतीचं रक्षण करतो. कोळसापट्ट्यातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये खाण आधी आली आणि घरं नंतर. ज्या घराचा तेव्हा पत्ताच नव्हता, त्याच्यासाठी खाली खांब राखून ठेवणार कोण? तीस वर्षांपूर्वी कुडाची झोपडी होती तिथे आज दोन खोल्या आणि वर पाण्याची टाकी आहे, आणि खालचा खांब मात्र या तीस वर्षांत बारीकच होत गेलेला असू शकतो.

खाणीत आयुष्य काढलेल्या, आता सत्तरीत असलेल्या माणसांशी लालपेठच्या बाजूला बोलणं झालं. त्यांना खालचे रस्ते वरच्या गल्ल्यांइतके पाठ आहेत. कुठल्या देवळाखालून कुठली गॅलरी जाते, कुठे पाणी होतं, कुठे छत वाईट होतं, हे ते अंगणात काठीने रेघा ओढून दाखवतात. त्यांच्या शेजारीच एका घराला मागून खोली निघत होती. त्या मिस्त्रीने किंवा घरमालकाने या काकांना काही विचारलं का, असं मी विचारलं. नव्हतं विचारलं. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलेलं नव्हतं.

नकाशा कुणाकडे

प्रत्येक कोळसा खाणीचा नकाशा ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि खाण बंद करताना तिच्या कामाचा शेवटचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. म्हणजे माहिती आहे. जुन्या खासगी कंपन्यांच्या काळातले नकाशे आजच्या मोजणीइतके अचूक नसतील, तरी पोकळी साधारण कुठे आहे एवढं ते सांगू शकतात. ही माहिती बांधकाम परवानगीच्या कागदांपर्यंत येत नाही, ही खरी अडचण आहे.

ब्रिटनमध्ये कोळसापट्ट्यात घर विकत घ्यायचं असेल तर खरेदी करणाऱ्याचा वकील आधी त्या पत्त्याचा खाण अहवाल मागवतो. घराखाली काम झालं आहे का, किती खोल झालं आहे, जवळपास बंद केलेली विहीर म्हणजे शाफ्ट आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. सामान्य माणूस थोडी फी भरून तो मिळवतो. याच कोळशाचा धंदा इथे सुरू करणाऱ्यांच्या देशात ही सोय आहे आणि चंद्रपूरच्या माणसाला नाही, हे मला मान्य होत नाही. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने छोट्या भूखंडांवरच्या बांधकामाची परवानगी सोपी केली. लोकांची हेलपाट्यांतून सुटका झाली, ते बरंच झालं. पण घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूरसारख्या गावांत त्या सोप्या अर्जाला एक रकाना जोडायला हवा: या जागेखाली खाणकाम आहे का? उत्तर वेकोलिच्या सर्वेक्षण विभागाने द्यायचं, नगर परिषदेने किंवा महापालिकेने मागवायचं. घरमालकाने त्यासाठी कार्यालयं पालथी घालायची गरज पडू नये.

तोवर काय करायचं? वेकोलिच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन आपल्या जागेबद्दल विचारता येतं, आणि तिथे उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. गावातल्या जुन्या खाणकामगारांना विचारता येतं. आणि जमिनीकडे पाहता येतं. अंगणात गोलाकार, कमानीसारखी भेग उमटली, तिच्या आतली जमीन किंचित खाली गेली, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी एकाएकी नाहीसं झालं, नीट बंद होणारा दरवाजा एका रात्रीत अडकू लागला, तर मिस्त्रीला बोलावण्याआधी माणसं घराबाहेर काढायची आणि प्रशासनाला कळवायचं. तिथे खोली वाढवण्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

काळी माती

खाण नसलेल्या जागीही भिंती तडकतात, आणि त्या कितीतरी जास्त संख्येने तडकतात. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडच्या तालुक्यांत कपाशीची भारी काळी जमीन आहे. शेतकऱ्याला तिचा अभिमान आहे आणि घर बांधणाऱ्याला तिचा धाक.

ज्येष्ठात भद्रावतीजवळच्या एका गावात गेलो तेव्हा शेतातल्या भेगांत मनगट सहज जात होतं. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि मग चार महिन्यांत बाराशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतकं टोकाचं वाळणं आणि इतकं टोकाचं भिजणं एकाच मातीच्या वाट्याला येतं. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी शोषून भिजवलेल्या डाळीसारखी फुगते आणि वाळली की आकसते. भाद्रपदात गेलो तेव्हा शेतातल्या भेगा मिटल्या होत्या. त्याच गावातल्या एका घराच्या मागच्या भिंतीतली, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी असलेली चीरही जवळजवळ मिटली होती. घरच्या बाईंनी ती दर दिवाळीला लांबी भरून रंगवल्याचं सांगितलं. दर उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

लोकांना एक गोष्ट उलटी वाटते. खोली लहान आहे, वर पत्रेच टाकायचे आहेत, मग पायवा कशाला खोल न्यायचा? काळ्या मातीत हलकं बांधकामच जास्त भोगतं. भिजलेल्या काळ्या मातीचा वर रेटणारा दाब चौरस सेंटीमीटरला दोन-तीन किलोपर्यंतही जाऊ शकतो. एकमजली खोली पायव्यावर टाकते तो भार साधारणपणे याहून बराच कमी. म्हणून माती फुगली की खोली उचलली जाते, आणि ती सगळीकडे सारखी उचलली जात नाही. मोरीच्या बाजूला पाणी जास्त, तिथे जास्त. मधली, छपराखालची जमीन कोरडी, तिथे कमी. भिंत तडकते ती या फरकामुळे.

मिस्त्री हे सगळं अनुभवाने जाणतात. खोदताना ते कडक लागण्याची वाट पाहतात. मुरूम लागला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान येतं. पण एका खोदकामावर मी उभा असताना सहा फुटांवरही काळीच निघत होती.

‘‘काका, अजून काळीच हाय. आणखी खोल न्यायचा का?’’

‘‘किती खोल जाशीन बापू? पैसे जमिनीतच जातीन सारे.’’

तिथेच काम थांबलं. गिट्टीचा थर टाकून काँक्रीट ओतायचं ठरलं. घरमालकाचं म्हणणं खोटं नव्हतं. खोल काळ्या मातीत मुरूम शोधत जाणं परवडत नाही. पण याच प्रश्नावर आपल्याकडे फार आधी काम झालेलं आहे, आणि ते त्या खड्ड्यापर्यंत पोहोचलेलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या पाइल रूढ केल्या. हाताच्या ऑगरने साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचं, तळाशी खास पातं फिरवून ते दांड्याच्या अडीचपट रुंद करायचं, सळई सोडून काँक्रीट भरायचं. साडेतीन मीटर यासाठी की मातीचं हंगामी फुगणं-आकसणं साधारण तेवढ्या खोलीपर्यंतच चालतं. पाइल त्याखाली जाऊन बसते आणि फुगवटा तिला वर उपसू देत नाही. वर जो बीम टाकतात, त्याच्या आणि जमिनीच्या मधे बोटभर नव्हे, चांगली तीन इंचांची पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला भिडत नाही. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. दुसरी वाट मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवली: न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा दाबून बसवलेला थर काळ्या मातीवर दिला की खालचं फुगणं फार कमी होतं. चांगला चिकट मुरूम या कामाला चालतो. नुसती रेती चालत नाही, कारण रेतीत पाणी साठतं आणि तेच पाणी खालच्या मातीला मिळत राहतं. रेती महाग झालेली असताना मुरूम बरा, ही या जिल्ह्यातल्या माणसाला दिलासा देणारी गोष्ट आहे.

माती किती फुगते हे तपासायची चाचणीही साधी आहे. दहा-दहा ग्रॅम वाळवलेली, चाळलेली माती काचेच्या दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही नळ्यांतली पातळी वाचायची. फरक पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर ती माती धोक्याची धरून पायवा ठरवायचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या माती प्रयोगशाळांत हे नेहमीचं काम आहे आणि चंद्रपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खोदकामाच्या आठवडाभर आधी एक खड्डा घेऊन त्यातली माती पोतडीत भरून तिथवर नेणं, एवढीच तयारी.

जुन्याला नवं जोडताना

आता जोडकामाची खरी गोम. जुनं घर पंचवीस-तीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलेलं असतं. नव्या खोलीचं बसणं आज सुरू होणार. दोन्ही भिंती दातांत दात घालून सांधल्या की नवी खाली जाताना जुनीला ओढते. मग तडा बरोबर सांध्यावर येतो किंवा जुन्या भिंतीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघतो. मिस्त्रीचा कल भिंती घट्ट सांधण्याकडे असतो. घर एक दिसावं असं मालकालाही वाटतं. पण अशा जागी नव्या खोलीला तिचे स्वतःचे कॉलम, स्वतःची भिंत द्यावी आणि दोन्ही घरांच्या मधे पायव्यापासून छतापर्यंत इंचभर फट ठेवावी. फटीत थर्माकोल किंवा बिटुमेनचा बोर्ड भरून वरून पत्र्याची पट्टी मारली की पाणी येत नाही आणि डोळ्यालाही खटकत नाही. ही फट ठेवलेली घरं मी पाहिली, आणि न ठेवलेलीही. फरक पाहायला इंजिनिअर असावं लागत नाही.

याहून धोक्याचं आहे जुन्या पायव्याला लागून खोल खोदणं. जुना पायवा बहुतेक वेळा अडीच-तीन फुटांचा दगडी, मातीत किंवा चुन्यात रचलेला. नव्या कॉलमसाठी त्याच्या शेजारी पाच-सहा फुटांचा चर घेतला की जुन्या पायव्याखालची माती बाजूने सुटते. त्यात मृगाचा पाऊस आला तर भिंत चरात येते. शक्य असेल तिथे नवे कॉलम जुन्या भिंतीपासून दूर घ्यावेत आणि खोलीचा स्लॅब त्यांच्यावरून पुढे काढावा. भिंतीलगत खोल जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर चर एका दमात लांबलचक घेऊ नये. चार-पाच फुटांचा तुकडा खोदायचा, जुन्या पायव्याखाली काँक्रीट भरून घ्यायचं, ते पक्कं झालं की एक तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. वेळ लागतो. रेजा आणि मजूर रोजंदारीवर असतात, त्यांचा खोळंबा होतो. तरी ही घाई करण्याची जागा नव्हे.

वर मजला चढवणाऱ्यांनी तर जुन्या पायव्याला उघडं करून पाहिल्याशिवाय एक वीटही वर नेऊ नये. कवेलूचं छप्पर पेलायला बांधलेल्या विटांच्या भिंतीवर स्लॅब आणि त्यावर आणखी एक मजला, हा भार त्या पायव्याच्या हिशोबात कधीच नव्हता.

ज्यांचं काम होऊन गेलं आहे, त्यांनी तडा वाचायला शिकावं. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच फुटली म्हणजे हालचाल चालू आहे. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारा तडा काळ्या मातीचा. वर रुंद आणि खाली बारीक होत जाणारा तिरका तडा बहुधा घराचं टोक बसत असल्याचं सांगतो. ऋतू कुठलाही असो, वाढतच जाणारा तडा पायवा बसत असल्याचा, आणि तिथे जाणकार बोलवायलाच हवा. चंद्रपुरात वीज केंद्राच्या राखेच्या विटा सर्रास वापरल्या जातात. नीट क्युअरिंग न झालेल्या या विटांच्या भिंतीत आकसण्याच्या बारीक उभ्या चिरा पडतात. त्यांचा पायव्याशी संबंध नसतो, त्यांना घाबरायचं कारण नाही.

हादरे

खुल्या खाणींच्या शेजारी राहणारे लोक तड्यांचं कारण एका शब्दात सांगतात: ब्लास्टिंग. ठरलेल्या वेळी भोंगा होतो, मग जमीन थरथरते, मांडणीवरची भांडी वाजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकाने इतरांच्या मालकीच्या साध्या घरांसाठी या कंपनाची मर्यादा कंपनसंख्येप्रमाणे सेकंदाला ५ ते १५ मिलीमीटर ठेवली आहे. माणसाला याहून कितीतरी कमी कंपनही जाणवतं, त्यामुळे जाणवलेला प्रत्येक हादरा भिंत फोडतो असं नाही. पण काळ्या मातीने आधीच ताणलेल्या भिंतीला छोटा धक्काही पुरतो, आणि त्या तड्याचं श्रेय माती आणि स्फोट यांच्यात वाटून देणं अवघड असतं. म्हणून मोजणी महत्त्वाची. कंपनं मोजायचं यंत्र गावाच्या हद्दीत, लोकांसमोर लावावं आणि आकडे ग्रामपंचायतीत लावावेत, ही मागणी रास्त आहे. खोली वाढवण्याआधी जुन्या भिंतींचे तारीख असलेले फोटो काढून ठेवणं हे घरमालकाच्या हातात आहे. भरपाईचा वाद झाला तर तेवढाच कागद त्याच्या बाजूने बोलतो.

धरणीकंपही अगदी परका नाही. ४ डिसेंबर २०२४च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपूरमधली माणसं घराबाहेर आली. सांध्यावर फट ठेवलेली दोन बांधकामं अशा वेळी आपापली हलतात, एकमेकांत अडकत नाहीत. त्यासाठी ती फट स्वच्छ ठेवावी लागते, सिमेंटचे ओघळ तिच्यात राहू द्यायचे नाहीत.

वैनगंगेपलीकडे

मूल, सिंदेवाही ओलांडून वैनगंगेपलीकडे गेलं की जमीन बदलते. काळी मागे पडते, धानाची फिकट, रेताड जमीन आणि मधेमधे लाल मुरमाड बरड येते. कोळसा नाही, जुने कठीण खडक आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग जंगल. इथे घर वाढतं ते बहुतेक घरकुलाने. जुनं मातीच्या भिंतींचं, सागाच्या मयालींचं घर तसंच ठेवतात आणि त्याला लागून घरकुल उभं राहतं. प्रधानमंत्री आवास योजनेतून गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला १ लाख ३० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर सुटतात. त्यामुळे जोत्यापर्यंत लवकर पोहोचण्याची घाई असते, आणि घाईचा भुर्दंड पायव्याला पडतो.

इथला शत्रू पाणी आणि उधई. नव्या स्लॅबचं पाणी जुन्या मातीच्या भिंतीच्या पायाशी पडतं. पूर्वी कवेलूच्या पागोळ्या भिंतीपासून हात-दीड हात दूर पडत. आता स्लॅबचा पाइप नेमका दोन घरांच्या बोळीत सोडलेला असतो. दोन पावसाळ्यांत मातीची भिंत खालून भुसभुशीत होते, ओल वर चढते, ओलीच्या मागे उधई येते आणि मयालीच्या टोकांपर्यंत जाते. जुनं घर पडलं की लोक म्हणतात, मातीचंच होतं, पडायचंच. ते पन्नास वर्षं उभं होतं. नव्या शेजाऱ्याने त्याचा पाय कुजवला.

धानाच्या बांधीत भराव टाकून काढलेल्या वाढीव जागेवर तर अधिकच जपावं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला तेव्हा काठच्या गावांत पाणी घरात राहिलं. भराव ताजा असेल आणि एकदाही भिजून बसलेला नसेल तर त्यावरची खोली पहिल्याच पुरात बसते. जाणते लोक भराव टाकून एक पावसाळा जाऊ देतात, मगच पायवा मूळ जमिनीपर्यंत नेतात.

वाळूवर उभ्या केलेल्या पायव्याचं काय होतं हे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला साऱ्या देशाने पाहिलं. सिरोंचा तालुक्याच्या काठाला टेकलेला, गोदावरीवरचा मेडीगड्डा बंधारा जून २०१९मध्ये सुरू झाला. २१ ऑक्टोबर २०२३ला त्याच्या सातव्या ब्लॉकमधले खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पाहणीत बंधाऱ्याच्या तळाखालची वाळू पाण्याबरोबर निघून गेल्याचं प्रमुख संभाव्य कारण म्हणून पुढे आलं. कितीही काँक्रीट ओतलं तरी खालच्या वाळूला पाण्याची वाट मोकळी मिळाली की असंच होतं, आणि घराच्या एका खोलीलाही हेच लागू आहे. शोषखड्डा, बोअरची गळकी पाइपलाइन, मोरीचं उघडं पाणी यांपैकी काहीही नव्या पायव्याच्या आठ-दहा फुटांच्या आत नको.

सिरोंचाकडच्या एका गावात जुन्या-नव्या घरांच्या मधली बोळ एका मिस्त्रीने नीट केलेली पाहिली. स्लॅबचा पाइप त्याने जमिनीपर्यंत उतरवून नालीला जोडला होता. मातीच्या भिंतीच्या पायाशी वीतभर उंच दगडी पट्टा बांधून त्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला होता. घराभोवती तीन फूट रुंद फरशी होती आणि तिचाही उतार बाहेर. नव्या जोत्यावर, विटांच्या पहिल्या थराआधी, त्याने ओल अडवणारा काँक्रीटचा पट्टा ओतला होता आणि चरात माती लोटण्याआधी उधईचं औषध मारलं होतं. एवढ्याला किती दिवस गेले, हे मी विचारलं. औषधाचा एक दिवस, दगडी पट्ट्याचे दोन, आणि नालीचा उतार पाण्याची बादली ओतून पाहण्यात अर्धा, असं त्याने सांगितलं.